भिंतीवरचा तुटका दोर

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक शेड डोळ्यांपुढे आणा. रुंदीला जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढीच, पण लांबी अशी की या टोकाच्या माणसाला त्या टोकाचा माणूस अंगठ्याएवढा दिसावा. दोर वळायला अशीच जागा लागते. एका टोकाला चाक असतं, त्याला आकडे. आकड्यांना वाखाचे, म्हणजे घायपाताच्या तंतूंचे, पेड अडकवायचे. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने पार तिकडे जाऊन पेड ताणून धरायचे. धरणाऱ्याचा हात सैल पडला की पीळ उलटा उसळतो आणि बोटं सोलून काढतो. म्हणून चाकावरचा माणूस आधी ओरडून विचारतो, “धरलंय?” आणि पलीकडून “धरलंय!” असं उत्तर आल्याशिवाय चाक हलत नाही. उत्तर आलं की मधे जो कोणी उभा असेल त्याने बाजूला व्हायचं. तिथे मालक, गिऱ्हाईक, पाहुणा असा भेद नाही. या घरातली पोरं चालायच्या आधी हे शिकतात.

आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवा. दोराच्या पोटात, अगदी मधोमध, एक रंगीत धागा असतो. वळणाऱ्या प्रत्येकाचा रंग वेगळा. उद्या दोर तुटलाच, तर तो कुणाच्या हातचा होता ते कळावं म्हणून.

आता चाकाच्या वरची भिंत बघा. तिथे खिळ्याला एक तुटका दोर लटकतोय. त्याचं टोक उकललेलं आहे आणि आतून निळा धागा बाहेर आलाय. काळपट पडलाय, पण निळाच. त्या भिंतीखाली आज सगळं घर जमलं होतं, कारण भिंगरीच्या पहिल्या दोरीचा दिवस होता.

भिंगरीने दोरीवरच्या उड्यांची दोरी वळली होती. पहिल्या दोरीचं टोक घरातल्या सगळ्यात जुन्या कारागिराने उकलायचं, आतला धागा सगळ्यांना दाखवायचा आणि मग पोराच्या पाठीवर थाप मारायची, अशी या घरची रीत. सगळ्यात जुने कारागीर म्हणजे धाकटे आजोबा, भिंगरीच्या आजोबांचे धाकटे भाऊ. खरे आजोबा तिने पाहिलेच नव्हते. तिच्या बाबांनीही पाहिले नव्हते. बाबा पोटात असतानाच ते गेले, भिंतीवरचा तोच दोर तुटून, खाली पडून.

“बस गं एका जागी,” आत्या म्हणाली. “भिंगरी नाव ठेवलंय म्हणून फिरत राहायलाच पाहिजे असं नाही.”

“आजोबा, लवकर उकला ना!”

“घाईने उकलली तर तुझीच दोरी विस्कटेल,” आजोबा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, दोरी हातात घेतली, अंगठ्याने पीळ चाचपला. “बरी आहे. मधे जरा झोपली होतीस वाटतं, इथे सैल आहे.”

“तिथे मला शिंक आली.”

आजीसुद्धा हसली. आजी म्हणजे भिंगरीच्या बाबांची आई. ती हसली की बाबांना बरं वाटायचं. शेडचा सगळा कारभार आता तेच बघत, पण आईच्या चेहऱ्याकडे बघत बघत. काकांनी आपल्याला बापाची उणीव भासू दिली नाही, हे ते दहा जणांत सांगत. चाक काकांनीच शिकवलं होतं, आणि धाग्याचं महत्त्वही. नवीन कामगार आला की बाबा त्याला आधी भिंतीखाली उभं करत आणि वर बोट दाखवत. “बघ. हलगर्जीपणा केला की असं होतं.”

आजोबांनी टोक उकललं. भिंगरीला घराने हिरवा रंग दिला होता. पण आतून निघाला पिवळा.

“अगं, हिरवा संपला होता का?” आत्याने विचारलं.

“नाही. तो बटणाचा आहे, माझ्या मैत्रिणीचा. माझ्या दोरीत तिचा धागा आणि तिच्या दोरीत माझा. म्हणजे दोन्ही दोऱ्या दोघींच्या. तिला मीच शिकवलं वळायला.”

आजोबांच्या हातातून दोरी गळून पडली. ते मागच्या स्टुलावर मटकन बसले. ते पांढरेफटक पडले, हे फक्त आत्याने पाहिलं. आत्या त्यांचीच मुलगी. बापाचे गुडघे दुखताहेत एवढंच तिला वाटलं.

“बटण कोण?” बाबांनी विचारलं.

“माझ्या वर्गातली. मी तिला बोलावलंय आज.”

“बटण कोणाची, ते विचारतोय मी.”

लहान मुलांनाही कळतं, कुठे गप्प बसायचं ते. उत्तर आत्याने दिलं. “निळ्याकाकांची नात आहे ती, दादा. आणि आता डोळे वटारू नकोस, मुलीला त्यातलं काय कळतंय?”

भिंतीवरच्या दोरातला निळा धागा त्याचा, म्हणून निळ्या हे नाव या शेडमध्ये कोणी मोठ्याने घेत नसे. तेवढ्यात दार वाजलं. दारात बटण उभी होती, आणि तिच्यामागे तिची आई. कंडक्टरचा गणवेश तसाच अंगावर, खांद्याला तिकिटांची पिशवी. ड्युटी संपवून सरळ आली असावी.

“आज सगळे एकत्र असाल असं हिच्याकडून कळलं,” ती म्हणाली, “म्हणून आले. एरवी हिंमत झाली नसती.”

बसा असं कोणी म्हणालं नाही. मग आजीच म्हणाली, “पोरीला तरी बसू दे.” बटण भिंगरीशेजारी जाऊन टेकली.

“माझे वडील दवाखान्यात आहेत,” कंडक्टरबाई म्हणाली. “आता घरी यायचे नाहीत. मी माफी मागायला आलेले नाही, ती त्यांनी आयुष्यभर मागून झाली. माझं एकच मागणं आहे. तो दोर भिंतीवरून उतरवा. ते आहेत तोवर. मला जाऊन त्यांना एवढंच सांगायचंय, की बाबा, उतरवला.”

बाबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तो दोर माझ्या बापाची आठवण आहे.”

“आठवण म्हणून त्यांचा फोटो लावता येतो. हा माझ्या बापाला लावलेला फास आहे. चूक झाली त्यांची, ते कधी नाही म्हणाले नाहीत. पण एका माणसाला किती वर्षं टांगायचं?”

“माझा नवरा कोठारात कप्पी सोडवायला चढला होता,” आजी एकदम म्हणाली. ती कोणाकडेच बघत नव्हती. “जाताना मला म्हणाला, चहा गरम ठेव. मी तो दोर उतरवू देणार नाही.”

“काकू,” आत्या म्हणाली, “मी रोज बघते निळ्याकाकांना. दवाखान्यातला माझा औषधाचा काउंटर बंद केला की वर वॉर्डात जाते. घरात बोलले नाही, कारण बोलायची सोयच नाही इथे. बोलता येत होतं तोवर ते मला एकच विचारायचे, तांबड्याचे गुडघे कसे आहेत?”

तांबड्या म्हणजे आजोबा. त्यांचा धागा तांबडा, म्हणून तांबड्या, आणि मित्राचा निळा, म्हणून निळ्या. ही नावं त्यांनीच एकमेकांना ठेवली, बटण-भिंगरीएवढे असताना.

“तू कोणाच्या बाजूची आहेस?” बाबांनी आत्याला विचारलं. “माझ्या आईसमोर त्या माणसाची बाजू घेतेस?”

“मी उतरवायच्या बाजूची आहे. बाबा, तुम्ही बोला ना. तुमचा शब्द दादा मोडायचा नाही.”

सगळ्यांच्या माना आजोबांकडे वळल्या. ते जमिनीवर पडलेल्या छोट्या दोरीकडे बघत होते.

“तो दोर निळ्याने वळलेला नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“धागा त्याचा आहे. वळलाय मी.”

मुलांनो, मोठी माणसं असं काही ऐकतात तेव्हा लगेच ओरडत नाहीत. आधी त्यांना वाटतं आपण चुकीचं ऐकलं. बाबा हसल्यासारखं करून म्हणाले, “काका, गुडघ्याच्या गोळ्यांनी गुंगी येते का हो तुम्हाला?”

“वर्षातून एकदा आम्ही अदलाबदल करायचो. या भिंगरीने केली तशीच. माझ्या दोरात त्याचा धागा, त्याच्या दोरात माझा. मिशा फुटल्या तरी सोडलं नाही. कोणाला सांगितलं नव्हतं. सगळी मजा त्यातच होती. त्या वर्षी वाख गळतीखाली भिजला होता. वाळवायचा तर थांबायला हवं होतं, आणि मला थांबायचं नव्हतं. सर्कस आली होती. तिचा शेवटचा खेळ होता. ओला वाख मी आत घातला आणि वरून कोरडा लपेटला. ओल आत कोंडली की दोर पोटातून कुजतो, वरून काही कळत नाही. जाताना निळ्याने विचारलं, वाळला होता ना रे? मी म्हणालो, वाळला.”

“सर्कस?” आजी म्हणाली. तो एकच शब्द.

“हो, वहिनी.”

“पुढे सांगा, भाऊजी.”

“भाऊ गेला त्या दिवशी वडिलांनी सगळ्यांसमोर इथेच टोक उकललं. निळा निघाला. वडिलांनी विचारलं, निळ्या, तुझा ना रे हा? त्याने माझ्याकडे बघितलं. किती तरी वेळ बघितलं. मी खाली बघितलं. मग त्याने आईकडे बघितलं. ती भाऊचा सदरा मांडीवर घेऊन बसली होती. तेव्हा तो म्हणाला, माझाच. मागाहून शेडच्या मागे मी त्याला गाठलं, तर म्हणतो कसा, तुझ्या आईला आता एकच उरलाय रे, तोही हिरावून घेऊ का मी? थोडे दिवस जाऊ दे, मग सांग. मी म्हणालो, सांगतो.” आजोबांनी भिंतीकडे बघितलं. “त्याने पुन्हा दोराला हात लावला नाही. आणि मी रोज या भिंतीखाली काम केलं.”

कंडक्टरबाईने पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट पकडला होता. चालत्या बसमध्ये वरची दांडी पकडतात तसा.

“शाळेत मला दोरतोड्याची पोर म्हणून चिडवायचे,” ती म्हणाली. “एकदा घरी येऊन मी त्यांच्यावर ओरडले. तुम्हाला एक काम धड करता आलं नाही का? तेव्हा ते म्हणाले, चुकलं गं बाळा. ते मला चुकलं म्हणाले! आणि मी... मी वर्षानुवर्षं मोठ्या मनाने माफ करत आले त्यांना.”

आजोबांनी हात जोडायला उचलले.

“मला नका जोडू. मी कोण? जे सांगायचं ते त्यांना सांगा. आवाज गेलाय, पण ऐकू येतं अजून. काही विचारलं की हात दाबतात.”

“मी कोणत्या तोंडाने त्याच्यासमोर उभा राहू?”

आणि इथे सगळ्यांच्या बाजू उलटल्या. जी आत्या मघाशी दोर उतरवा म्हणत होती, ती उठून बापाच्या पुढ्यात उभी राहिली. आपला बाप असा कधी दिसला नव्हता तिला. जुन्या पोत्यासारखा. “आज नको,” ती म्हणाली. “बघा ना कसे थरथरताहेत. उद्या सकाळी मीच घेऊन जाईन त्यांना.”

“उद्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत,” कंडक्टरबाई म्हणाली. “तुम्ही तर तिथेच असता. तुम्हाला माहीत आहे.”

आत्याला माहीत होतं. ती खाली बघत राहिली, आणि मघाशी बापाने सांगितलेलं ते खाली बघणं तिला आठवलं. तरीही तिची मान वर होईना.

बाबा दारापाशी गेले आणि दारातच उभे राहिले, पाठमोरे. बाहेर गाडीत कोणी तरी पोती भरत होतं. आयुष्यभर त्यांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या, आपल्या बापाला कोणी मारलं आणि आपल्याला कोणी वाढवलं. आता दोन्हीकडे एकच माणूस उभा होता. त्याचा राग करावा तर कुठल्या हाताने? चाक धरायला त्यानेच शिकवलेल्या?

“कशाला सांगितलंत?” ते न वळता म्हणाले. “इतकी वर्षं गप्प बसलात, अजून थोडी बसला असतात. काय बिघडलं असतं? आता मी किती जणांना शोधत फिरू? इथून शिकून गेलेल्या प्रत्येकाला मी तो निळा धागा दाखवलाय.”

“दादा, त्यांना त्रास होतोय.”

“मला होत नाहीये का?” ते गर्रकन वळले. “कोणी कुठे जायचं नाही. आधी घरात ठरू दे. मग गाव आहेच.”

आजी मात्र रडत नव्हती. एवढ्या मोठ्या रागाची गाठ इतकी वर्षं उराशी बाळगायची, आणि मग कळायचं की ती भलत्याच माणसाच्या नावाने बांधली होती. ती मनातल्या मनात त्या जुन्या रस्त्याने चालत होती. बाजारात निळ्या समोरून यायचा. ती तोंड फिरवायची. तो थांबायचा, ती निघून जाईपर्यंत मान खाली घालून उभा राहायचा, आणि तिला वाटायचं, लाज वाटते मेल्याला. एकदा तर त्याच्या कडेवर ही पोर होती, आताची कंडक्टर, आणि आपण ऐकू जाईल असं काही तरी बोललो होतो. काय बोललो होतो ते आजीला शब्दन् शब्द आठवत होतं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तुम्ही मला आणि या लेकराला सांभाळलंत. घासातला घास दिलात. मी तुम्हाला देवाच्या जागी मानलं. पण तुम्ही मला माझ्या नवऱ्यासाठी नीट रडूसुद्धा दिलं नाहीत हो. माझं अर्धं रडणं शिव्या देण्यात गेलं, तेही दुसऱ्याच कोणाला.”

आजोबांनी चष्मा काढला.

“आता उठणार आहात का?” आजीने विचारलं.

“पाय उचलत नाहीत, वहिनी.”

ते नाटक नव्हतं. खरंच उचलत नव्हते. आजी बसलेली, आजोबा बसलेले, आत्या मधे उभी, बाबा दार अडवून, आणि कंडक्टरबाई पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत. सगळे एकाच दोराने बांधल्यासारखे, आणि तो सोडवायला हात कोणाचाच मोकळा नाही. असं झालं की मोठी माणसं बोलत राहतात. तीसुद्धा बोलत राहिली. डॉक्टर काय म्हणाले, गाडी कोणाची, आज की उद्या, लोक काय म्हणतील.

बटणाने भिंगरीच्या कानाशी तोंड नेलं. “माझे आजोबा वाईट नाहीत ना मग?”

“नाहीत.”

“मग आपण त्यांना सांगू या?”

भिंगरीने चाकाशेजारचं स्टूल भिंतीशी ओढलं. त्याचे पाय फरशीवर करकरले, तरी कोणी बघितलं नाही. ती वर चढली, दोन्ही हातांनी तो दोर खिळ्यावरून काढला, आणि त्याच्या ओझ्याने पडता पडता वाचली. धुळीचा लोट उठला. तिला सटासट शिंका आल्या, तेव्हा कुठे सगळे गप्प झाले.

“भिंगरे! खाली ठेव तो!” बाबा ओरडले.

भिंगरीने ठेवला नाही. दोराचं शाबूत टोक तिने बटणाच्या हातात दिलं. “मी शिकवलंय ना, तसं धर.” बटण ते टोक घेऊन दाराकडे चालू लागली, आणि बाबांच्या पुढ्यात जाऊन थांबली. ती त्यांच्या कमरेलाही लागत नव्हती.

मग भिंगरी दुसरं टोक घेऊन आजोबांकडे आली. उकललेलं, निळ्या धाग्याचं टोक. आत्याच्या बाजूने वाकून तिने ते आजोबांच्या मांडीवर ठेवलं, त्यांची बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली, आणि स्वतः दोर मधोमध धरून उभी राहिली.

“धरलंय?” ती ओरडली. शेडमध्ये ओरडतात तशी, पार त्या टोकाला ऐकू जावं म्हणून.

“धरलंय!” दारातून बटणाचा बारीक आवाज आला.

भिंगरी आजोबांकडे वळली. “धरलंय?”

आजोबांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तो निळा धागा त्यांच्या अंगठ्याखाली होता. त्याला त्यांनी इतक्या वर्षांत हात लावला नव्हता. भिंगरी थांबली. उत्तर आल्याशिवाय काही हलवायचं नसतं, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

“धरलंय,” आजोबा म्हणाले. फुटका आवाज, पण सगळ्यांना ऐकू गेला.

दोन्ही बाजूंनी उत्तर आलं, आणि दारात उभे असलेले बाबा बाजूला झाले. त्यांनी ठरवून काही केलं नाही. पायच सरकले, चालायच्या आधीपासून शिकलेले. भिंतीला पाठ टेकल्यावर त्यांना कळलं, की दार मोकळं झालंय. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आत्याही बाजूला झाली होती. आजीने काठी शोधली, उठली, आणि कंडक्टरबाईपाशी जाऊन थांबली. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस आजीला अजून होत नव्हतं. नुसता हात पुढे केला. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग त्या बाईने तो धरला.

भिंगरीने यातलं काहीच पाहिलं नाही. ती पुढे बघत होती. दोर हलकेच ताणला गेला, मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि कोणी तरी जड, दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहतंय हे तिला हातातल्या दोरातूनच कळलं. तिने दोर सैल पडू दिला नाही. दारातल्या बटणाला मान हलवून “चल” म्हणाली, आणि स्वतः चालायला लागली. आजोबांना जमेल तेवढ्याच वेगाने, दवाखान्याच्या दिशेने.